आईची पाटी आणि लेकरांचे ताट



स्मरणिकेसाठी लेख मागितला की आमच्यासारखे निवृत्त शिक्षक हमखास 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय घेतात, आणि आपणही तो लेख हमखास न वाचता पान उलटता. यात दोष आपला नाही. शिक्षणाने नोकरी मिळते, मान मिळतो, हे आता कोणी नव्याने सांगावे असे राहिलेले नाही. म्हणून आज मी आपल्याला शाळेत न नेता स्वयंपाकघरात नेणार आहे. एकाच चुलीवर, एकाच भांड्यात शिजलेले अन्न एकाच आईच्या चार लेकरांना सारखे मिळते काय? आणि मिळत नसेल, तर आईच्या हाती कधीकाळी पाटी होती की नव्हती, याचा त्या वाट्याशी काही संबंध आहे काय? प्रश्न घरगुती दिसतो; पण त्याला शे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या या सातारा-सांगलीच्या मुलुखातून जातो.

आधी एक आठवण सांगतो. १९७२ सालचा दुष्काळ. कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यात होते. आपला स्वतंत्र तालुका पुष्कळ पुढे झाला. टेंभूचे पाणी तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. गावोगावी दुष्काळी कामे निघाली होती, माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांच्या बांधावर माती टाकत होती. त्या कामांवर सुकडी वाटली जाई. अम्मी कामावरून येताना पदरात बांधून सुकडी आणी, आणि ती दादीच्या हवाली करी. आम्ही सहा भावंडे दादीभोवती बसत असू. दादी मायाळू होती, हे मी अगोदरच सांगून ठेवतो. पण तिचा हात ठरलेल्या वाटेने फिरे. पहिली मूठ थोरल्या नातवाची, म्हणजे माझी. मग धाकटा भाऊ. मग आपा, कारण ती कामाला हातभार लावी. त्यानंतरच्या दोघी बहिणी, आणि सरतेशेवटी डब्याला चिकटलेले. अम्मीच्या वाटणीला काय येई, हे त्या वयात मी कधी पाहिलेच नाही.

माझ्या पाठची जी बहीण, तिचे अंगावरचे दूध दहाव्या महिन्यात तुटले, कारण अम्मीला पुन्हा दिवस गेले होते. ती पोर त्यानंतर कधी बाळसे धरलेली मला आठवत नाही. पोट तेवढे पुढे, हातपाय काटकुळे, केस भुरे. बायका म्हणत, "दृष्ट लागली." कोणी म्हणे, "पाठचं आलं की पुढचं सुकतंच." हे दुसरे वाक्य वैद्यकशास्त्राच्या फार जवळ जाणारे होते, हे मला कळायला पुढची तीस वर्षे लागली.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्याला घाना म्हणतात आणि तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत, तेथे सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई काम करीत होत्या. अंगाला सूज, केसांचा रंग उडालेला, कातडी सोलटलेली अशी मुले त्यांच्याकडे येत. १९३३ साली त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि दोन वर्षांनी त्याला नाव दिले ते तेथील गा भाषेतल्या बायका वापरीत तेच: क्वाशिओरकोर. पुढचे बाळ आले की पदच्युत झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. पाहा, समुद्रापलीकडच्या त्या आयांना आणि आमच्या घरातल्या बायकांना एकच गोष्ट दिसली होती. भूक घराला लागते हे खरे, पण ती घरातल्या सगळ्यांना सारखी लागत नाही. दोन भावंडांमधले अंतर कमी असले की मधल्याचे दूध तुटते, आणि दुधाच्या जागी जे यायला हवे ते येत नाही.

आता जुन्या घरातल्या पंगतीचा विचार करा. ही पंगत मराठा घरात, माळ्याच्या घरात, धनगराच्या घरात आणि आपल्या मुल्ला, तांबोळी, शिकलगार, मुजावरांच्या घरात जवळजवळ एकच होती. (मोहरमला कडेगावचे उंचच उंच ताबूत जसे सगळे मिळून उचलतात, तशी ही रीतही सगळ्यांनी मिळून उचललेली होती, असे म्हटले तर राग मानू नये.) पुरुष आधी, मग मुलगे, मग मुली, शेवटी सुना. दूध, तूप, अंडे, मटणाचा चांगला तुकडा पंगतीच्या वरच्या टोकाला संपे. खालच्या टोकाला भाकरी, खर्डा, हुलग्याचे माडगे. जोंधळ्याची भाकरी पोट भरते. परंतु वाढत्या अंगाला नुसते पोट भरून भागत नाही. डाळ, दूध, पालेभाजी, अंडे यांतून जे मिळते ते भाकरीतून पुरेसे मिळत नाही.

आणि वाढणाऱ्या हाताविषयी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाढणारी बहुधा आई नसे. ती सासू असे. सून पंधरा-सोळा वर्षांची, अक्षरशत्रू, माहेरहून हात जोडून आलेली. 'या पोरीला थोडे दूध द्या' एवढे वाक्य उच्चारण्याचा अधिकारही तिला नव्हता. मातेचे शिक्षण आणि लेकरांचे ताट यांचा संबंध शोधायचा तर तो येथून शोधावा लागतो. आईला किती कळते हा एक भाग. तिचे किती ऐकले जाते हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, भाग.

पाटीचा इतिहास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातला. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. स्वतः आजारी असताना, आपल्या पश्चात कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्यात त्यांनी केली आहे. मुस्लिम मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण हे नाव अभिमानाने घेतो, ते योग्यच आहे. पण त्या नावानंतर आपल्या वाड्यावस्त्यांवर मुलीच्या हातात पाटी यायला शंभर वर्षे गेली, हेही अभिमानाच्या जोडीने सांगितले पाहिजे.

करवीरच्या शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि १९१७ साली त्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. कडेगाव मात्र इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात. इकडे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. बोर्डिंगातल्या पोरांना पोटभर घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी ते शिकवतानाही शेकडो वेळा सांगितले. पण एक गोष्ट मी वर्गात कधी बोललो नाही, ती येथे बोलतो: त्या पंगतीत जेवणारी मुले होती, मुली नव्हत्या. मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या, मुलींच्या बहुतेक ठिकाणी मागाहून. १९५१ च्या खानेसुमारीत भारतातल्या शंभर स्त्रियांपैकी साक्षर होत्या जेमतेम नऊ. २०११ साली महाराष्ट्रात हा आकडा सुमारे ७६ झाला. माझी अम्मी त्या नऊंत नव्हती. माझी नात शहात्तरांत आहे.

येथे कोणी मला अडवील. म्हणेल, "मास्तर, निरक्षर आयांनी काय लेकरे वाढवली नाहीत?" वाढवली. आपल्याच तालुक्यातले देवराष्ट्रे घ्या. १२ मार्च १९१३ रोजी तेथे, आपल्या आजोळी, यशवंतराव चव्हाण जन्मले. वडील लवकर गेले. आई विठाबाई निरक्षर. पण तिने कराडला राहून मुलांना वाढवले, शिकवले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात यशवंतरावांनी आईचे ऋण मोकळ्या मनाने मांडले आहे. तेव्हा अक्षर म्हणजेच अक्कल, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की विठाबाईंसारखी धीराची बाई निरक्षर राहूनही जे करू शकली, ते करायला साध्यासुध्या बाईला आधार लागतो. आणि तो आधार सासूकडून, नवऱ्याकडून, नशिबाकडून मिळेलच असे नसते.

हा आधार केवळ शाळेतूनच मिळतो असेही नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या साध्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, त्यांतल्या काही दलित वस्तीतल्या, आणि त्यांना आरोग्यसेविका बनवले. मुलांची वजने घ्यायची, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, बाळाला कधीपासून काय भरवायचे ते सांगायचे. या कामासाठी दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती वजनकाट्याची. काटा नातू-नात ओळखत नाही. डोळ्याला 'किरकोळ अंगाची' वाटणारी पोर काट्यावर ठेवली की ती किरकोळ नसून उपाशी आहे, हे उघड्यावर येते. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि काटा हळूहळू अंगणवाडीतून प्रत्येक गावात आला. मात्र काट्याने दाखवलेला आकडा वाचून घरी जाऊन सासूपुढे बोलणारी आई हवी. तेथे पुन्हा पाटी आडवी येते.

याच सुमारास शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. जॉन काल्डवेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने नायजेरियातल्या इबादान भागातील माहितीवरून १९७९ साली दाखवून दिले की बापाची कमाई, घराची ऐपत बाजूला काढली तरी आईच्या शिक्षणाचा मुलांच्या जगण्यावर स्वतंत्र परिणाम उरतो. त्यांचे स्पष्टीकरण फार मार्मिक आहे. शिकलेली आई काही फार औषधे शिकून येत नाही. पण ती दैवावर हवाला टाकीत नाही, दवाखान्यात तिचे ऐकले जाते, आणि मुख्य म्हणजे घरातला तोल बदलतो. थोरांच्या ताटातला काही भाग लेकरांच्या ताटात सरकतो. आपल्या घरातही हेच घडले आहे काय, ते आपण आठवून पाहावे. ज्या सुनेने सातवी केली होती तिच्या हाती पळी निरक्षर जावेपेक्षा लवकर आली की नाही?

इथपर्यंतचा लेख वाचून माता-पालक सुखावल्या असतील. पण इतिहास एवढ्यावर थांबला असता तर हा लेख मी लिहिला नसता. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातील अकरा खेड्यांत मोनिका दास गुप्ता यांनी केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की मुलींवर अन्याय होतो तो सरसकट सगळ्या मुलींवर नव्हे. पहिली मुलगी बरीचशी सांभाळली जाते. ज्या मुलीला आधीच एक थोरली बहीण आहे, तिच्या वाट्याला दगा येतो. अशा मुलींचा मृत्यूदर इतर भावंडांच्या सुमारे दीडपट होता. आणि शिकलेल्या तरुण आयांच्या घरी? तेथे मुले एकूण कमी दगावत होती, हे खरे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या मुलीच्या बाबतीतला भेदभाव तेथे कमी न होता अधिकच तीव्र झाला होता. कारण शिकलेल्या बाईला मुले थोडीच हवी होती, आणि त्या थोडक्यांत मुलगा हवाच होता. शिक्षणाने तिला हिशेब शिकवला. मनातली इच्छा तीच राहिली.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आयुष्यभर ज्या गोष्टीची आपण भलामण केली तिच्याबद्दलच हे होते. आणि पंजाबकडे बोट दाखवून सुटका नव्हती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. आपल्या सांगली जिल्ह्यात ८५१. ऊस, द्राक्षे, साखर कारखाने, शिक्षणसंस्था यांनी गजबजलेला हा जिल्हा! जो पैसा आणि जे शिक्षण लेकीच्या ताटात दूध घालू शकत होते, तेच तिला ताटापर्यंत पोचूच न देण्याच्या कामीही आले. शेजारच्या साताऱ्यात तिसऱ्या-चौथ्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवण्याची चाल होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव बदलले हे उत्तमच झाले. पण ज्या मुलीला घरात रोज 'नकुशी' म्हणून हाक मारली जात होती, तिच्या पानात काय वाढले जात असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आपल्या समाजाविषयी आता दोन शब्द. अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे एका कोड्यात पडलेले होते: भारतातले मुसलमान सरासरीने गरीब, शिक्षणात मागे, तरीही त्यांच्यात बालमृत्यू हिंदूंपेक्षा कमी कसे? डीन स्पिअर्स आणि मायकेल गेरुसो यांनी २०१८ साली याचे बरेचसे उत्तर शौचालयाच्या वापरात आणि शेजारच्या स्वच्छतेत आहे असे दाखवले. जुलाबाने खाल्लेले अंगी लागत नाही. घाण कमी तेथे जुलाब कमी. तसेच सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली भारत आणि आफ्रिकेतल्या मुलांच्या उंचीची तुलना केली. आपल्याकडचे पहिले मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलाच्या मागे नाही, दुसऱ्यापासून मात्र घसरण सुरू होते आणि पुढे वाढत जाते. थोरल्या मुलग्याला दिलेले झुकते माप हे त्याचे कारण. ज्या प्रदेशांत आणि ज्या धर्मीयांत मुलग्याचा हव्यास कमी, तेथे ही उतरंडही कमी, असे त्या सांगतात, आणि त्यात मुसलमानांची गणना कमी हव्यासाच्या बाजूला होते. तरी पाठ थोपटून घेण्याची घाई नको. माझ्या घरातली सुकडीची मूठ मी वर सांगितलीच आहे.

आपल्या धर्मग्रंथात आईने बाळाला पुरी दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याआधी तोडायचे तर आई-बापाने परस्पर सल्ल्याने ठरवावे असे त्याच आयतीत आहे. हदीसमध्ये नुअमान बिन बशीर यांची हकीकत येते: बापाने एकाच मुलाला देणगी दिली आणि पैगंबरांना साक्षीदार व्हायची विनंती केली, तेव्हा त्यांनी सगळ्या लेकरांना तसेच दिले काय, असे विचारून साक्ष नाकारली. जुम्म्याच्या बयानात ही हकीकत आपण जमिनीच्या वाटणीसंदर्भात ऐकतो. दुधाच्या वाटणीसंदर्भात मी ती अजून ऐकलेली नाही. सल्ल्याने ठरवायचे तर दोघांना बोलता आले पाहिजे. माझ्या अम्मीला कोणी सल्ला विचारला नव्हता.

आता शाळेच्या खिचडीकडे येऊ. हा विषय लहान वाटतो, पण मला त्यात फार मोठा धडा दिसतो. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने शाळेत आहार देण्याची योजना आणली. आपल्याकडे सुरुवातीला हजेरी पुरी भरणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला तीन किलो तांदूळ दिला जाई. मी स्वतः पिशव्या भरून वाटला आहे. मुलगी ती पिशवी डोक्यावर घेऊन घरी जाई, तांदूळ घरच्या डब्यात पडे, आणि मग तो घरच्या रीतीने वाटला जाई. म्हणजे पिशवी मुलीची, भात भावाचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळेत खिचडी शिजू लागली. तांदूळ तोच. पण आता तो मुलीच्या ताटलीत, मुलीच्या हाती, माझ्या डोळ्यांदेखत पडत होता. कित्येक पालक मला म्हणाले, "मास्तर, कच्चाच द्या, घरी उपयोगी पडतो." मी त्यांना काय उत्तर दिले ते सोडा, मला पहिल्यांदाच उमगले की अन्न किती आहे यापेक्षा ते कोणाच्या हातून कोणाच्या ताटात पडते, हा प्रश्न कधीकधी मोठा असतो. शाळेत जेवली म्हणून घरी मुलीचे जेवण तोडतील अशी शंका विद्वानांनाही होती. फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तसे घडले नाही. शाळेतले जेवण बहुतांशी मुलाच्या अंगी लागले.

आणि याचे फळ एका पिढीत संपत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात दिसून आले की ज्या भागांत मुलींना शाळेत असे जेवण मिळाले, त्या मुली आया झाल्यावर त्यांच्या लेकरांची उंची अधिक चांगली भरली. त्यात जेवणाचा वाटा आहे, तसाच जेवणामुळे शाळेत टिकून राहिल्याचा, उशिरा लग्न झाल्याचा, कमी मुले असण्याचा, दवाखान्यात बाळंत होण्याचाही आहे. हे सारे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की 'शिक्षणाचा परिणाम' म्हणून एकच धागा ओढून काढता येत नाही. दोन बाळांतले अंतर हा त्यातला, भावंडांच्या दृष्टीने, सर्वांत बळकट धागा. अंतर राखले की मधल्याचे दूध तुटत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. त्या आयांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास. ज्या आयांच्या खाण्यात हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे चांगल्या वजनाची जन्मली. चाकवत, मेथी, करडई, अंबाडी या आपल्या रानातल्याच भाज्या आहेत; महाग नाहीत. परंतु ४२ किलोची ती आई आभाळातून पडत नाही. ती कोणाच्या तरी पंगतीच्या खालच्या टोकाला बसून मोठी झालेली असते. तिच्या पानातला कमी वाटा तिच्या बाळाच्या वजनात उतरतो. म्हणजे भावाबहिणींच्या ताटातला फरक त्याच घरात संपत नाही. बहीण तो सासरी घेऊन जाते.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे नव्हे. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. दोन वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले २००५-०६ मध्ये ३९ टक्के होती, ती २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या घरात आली. देशभर त्याची वाखाणणी झाली. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५ टक्के, म्हणजे गाडी तेथेच अडली. याच शेवटच्या पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होते. एस.टी.चा मोफत पास घेऊन मुली कॉलेजात जात आहेत, पदव्या घेत आहेत, आणि अंगात रक्त नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८ टक्क्यांवर, म्हणजे राज्याच्या सरासरीहून किंचित जास्तच होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. पाटी आली आहे. ताट अजून मागे आहे.

म्हणून विद्यार्थिनींनो, आपल्याला एक काम सांगतो. परीक्षेला नाही. आठवडाभर घरात कोण कधी जेवते आणि दूध, अंडे, मटण कोणाच्या पानात किती पडते, ते वहीत मांडून ठेवा. कोणाला दाखवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही मांडा. कारण वरच्या टोकाला बसणाऱ्याला खालचे टोक दिसत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. पालकांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. अंगणवाडीत बाळाचे वजन करून आणलेले कार्ड घरी आल्यावर ते आईने नव्हे, बापाने वाचून दाखवावे, आणि मागच्या भावंडाचे कार्ड काढून शेजारी ठेवावे. शिक्षण बाईने घ्यायचे, हिशेबही तिनेच ठेवायचा आणि जाबही तिनेच द्यायचा, ही वाटणीही काही न्यायाची नाही.

माझ्या त्या पाठच्या बहिणीचे शिक्षण तिसरीत सुटले. ती उंचीने आम्हा सर्वांत लहान राहिली. तिने मात्र आपल्या लेकीला हट्टाने डी.एड. केले, ती लेक आज शिक्षिका आहे, आणि तिला दोन मुले आहेत, एक मुलगी, एक मुलगा, मध्ये चार वर्षांचे अंतर. गेल्या रमजान ईदनंतर मी तिच्या घरी उतरलो होतो. रात्री अंडाकरी होती. तिने आधी सगळी ताटे मांडली, प्रत्येकात अंडे ठेवले, आणि मगच रस्सा वाढला. मुलगा कुरकुरला, त्याला दोन हवी होती. ती म्हणाली, "आपाला एक, तुला एक." माझी बहीण कोपऱ्यात बसून हे पाहत होती, काही बोलली नाही. मागून ती शिक्षिका लेक स्वतः जेवायला बसली. मी मुद्दाम तिच्या ताटात डोकावलो. रस्सा होता, भात होता. अंडे नव्हते; ते तिने माझ्या पानात दुसरे म्हणून वाढले होते, आणि मी ते खाऊन बसलो होतो.